कामाकुराची निळी वाट आणि आपली कुंडी

जपानला जायचं तर चेरीच्या बहरात जावं, पावसात कशाला, असं जो तो सांगतो. जून-जुलैमध्ये तिथे ‘त्सुयु’ म्हणजे पावसाळा असतो. हवा दमट, कपडे वाळत नाहीत, छत्री हातातून सुटत नाही. आपल्याला त्याचं काय कौतुक! पण याच दिवसांत तिथली माणसं छत्र्या घेऊन मुद्दाम एक फूल पाहायला बाहेर पडतात. त्याचं जपानी नाव ‘आजिसाइ’, आणि आपण ज्याला हायड्रेंजिया म्हणतो तेच हे. उटीला किंवा दार्जिलिंगला सहलीला गेलेल्या मैत्रिणींनी ते नक्की पाहिलं असेल. रुंद पानांचं झुडूप आणि त्यावर लोकरीच्या गुंड्याएवढे निळे-गुलाबी चेंडू!

माझी लेक टोकियोत राहते. नोकरी, घर आणि पाच वर्षांची मुलगी सांभाळता सांभाळता तिची तारांबळ उडते. गॅलरी म्हणाल तर दोन माणसं उभी राहतील एवढीच. “आई, मला एकच झाड हवंय,” ती म्हणाली, “पण माझ्यामागे कटकट लावणारं नको. झाड वाळलं की घरातलं कुणी आजारी पडल्यासारखं वाटतं गं.” तेव्हा म्हटलं, चला, दुकानात जाण्याआधी ही झाडं जिथे वर्षानुवर्षं आनंदानं वाढताहेत तिथेच जाऊन बघू.

टोकियोहून कामाकुरा आगगाडीनं तासाभराच्या अंतरावर. अलीकडच्या किता-कामाकुरा स्टेशनवर उतरून दहा मिनिटं चाललं की मेइगेत्सु-इन हे झेन पंथाचं मंदिर लागतं. लोक त्याला ‘आजिसाइ-देरा’, म्हणजे हायड्रेंजियाचं मंदिर, याच नावानं ओळखतात. दगडी पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना फुलं, आणि सगळी जवळजवळ एकाच निळ्या रंगाची. सुमारे अडीच हजार झाडं आहेत, आणि त्यांतली बहुतेक ‘हिमे-आजिसाइ’ या जुन्या जपानी जातीची. ‘हिमे’ म्हणजे राजकन्या.

आता गंमत ऐका. ही झाडं कुणा राजानं हौसेनं लावलेली नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये सगळ्याचीच टंचाई होती. वाटेच्या कडेला रोवायला खुंट मिळेनात, आणि देखभालीला माणसंही मिळेनात. मग खुंटांच्या जागी हायड्रेंजिया लावला, कारण त्याची निगा त्या मानानं सोपी. म्हणजे आज जे पाहायला गर्दी लोटते, ते मुळात अडचणीतून काढलेलं कामचलाऊ उत्तर! काटकसरीनं संसार करणाऱ्या कुठल्याही बाईला हे लगेच पटेल.

मात्र निगा सोपी म्हणजे कुठेही सोपी असं नव्हे. त्या वाटेवर नीट पाहिलं तर झाडाच्या आवडीनिवडी कळतात. डोंगराचा उतार, वर उंच झाडांची सावली, खाली ओल धरणारी पण पाणी न साचणारी भुसभुशीत माती. निळा रंगही तिथल्या मातीचाच. माती आंबट असली की तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम मुळांना मिळतं आणि फूल निळं होतं. चुनखडीची माती असली की तेच झाड गुलाबी फुलतं. पांढऱ्या जाती मात्र निळ्या होत नाहीत. आणखी एक गोष्ट. ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती खरं तर रंगीत झालेली निदलं असतात, म्हणून तर फुलांचा तोरा आठवडेच्या आठवडे टिकतो.

तिथून पुढे कामाकुराला येऊन एनोदेन नावाच्या छोट्याशा गाडीनं हासे-देराला गेलो. रूळ घरांच्या इतके जवळून जातात की वाळत घातलेले कपडे हाताला लागतील असं वाटतं. हासे-देरात कान्नोनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची, नऊ मीटरहून उंच लाकडी मूर्ती आहे. मागच्या टेकडीवर हायड्रेंजियाच्या चाळीसहून अधिक जाती लावल्या आहेत आणि वरून समुद्र दिसतो. निवड करायला आम्हाला हीच जागा उपयोगी पडली.

गोल चेंडूंची फुलं सगळ्यांना आवडतात, पण पावसानं भिजली की जड होऊन माना टाकतात. दुसरा प्रकार चपट्या फुलांचा. मध्ये बारीक कळ्या आणि कडेनं मोठी फुलं, जशी रांगोळीची किनार. ही पावसातही ताठ राहतात. तिसरा ‘यामा-आजिसाइ’, म्हणजे डोंगरी हायड्रेंजिया. पानं लहान, झाड आटोपशीर, कुंडीत मावणारं. लेकीनं पुढच्या रविवारी रोपवाटिकेतून हाच घेतला, चपट्या निळ्या फुलांचा. अमेरिकेतली पांढरी ‘अ‍ॅनाबेल’ जातही नवशिक्यांना सोपी, कारण ती नव्या फांदीवर फुलते. हिवाळ्यात कशीही छाटली तरी फुलं येतात. पण तिला कडक थंडी लागते.

बाकीच्यांचं तसं नाही बरं का. चेंडूवाले, चपटे आणि डोंगरी हे सगळे मुख्यतः जुन्या फांदीवर फुलतात. पुढल्या वर्षीच्या कळ्या शरदातच फांदीत तयार होतात. त्यामुळे दिवाळीच्या साफसफाईत झाड छाटलं की फुलं गेलीच म्हणून समजा. छाटायचं ते फुलं संपताक्षणी, आणि तेही फुलाखालच्या दोन पानांपर्यंतच.

या फुलाला एका आईची कहाणीही जोडलेली आहे. सीबोल्ट नावाचा जर्मन डॉक्टर 1823 साली नागासाकीला आला. तिथे ताकी नावाच्या जपानी स्त्रीबरोबर त्यानं संसार मांडला. 1827 मध्ये त्यांना इने ही मुलगी झाली. पण 1829 मध्ये सीबोल्टला देशाबाहेर काढण्यात आलं, आणि दोन वर्षांच्या लेकीला घेऊन ताकी मागे राहिली. युरोपात गेल्यावर त्यानं जपानी वनस्पतींवर ग्रंथ काढला आणि त्यात हायड्रेंजियाला ‘ओताक्सा’ नाव दिलं. ओ-ताकी-सान, म्हणजे आपल्या ‘ताकीबाईं’सारखं! शास्त्राच्या नियमात ते नाव टिकलं नाही, कारण झाडाचं नामकरण आधीच झालेलं होतं. माकिनो या थोर जपानी वनस्पतिशास्त्रज्ञानं तर सीबोल्टवर कडक टीका केली. पण पुढे आपली बायको सुए वारल्यावर त्यांनीही एका बांबूला तिचं नाव दिलं! मला मात्र या सगळ्यात इनेचं कौतुक वाटतं. तशा परिस्थितीत वाढलेली ही मुलगी पाश्चात्त्य वैद्यक शिकली, प्रसूतीची डॉक्टर झाली, आणि 1873 मध्ये राजघराण्यातल्या बाळंतपणाला तिला बोलावणं आलं.

आता आपल्या घराकडे वळू. ‘मी लावू का?’ असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, आधी गाव सांगा. कळ्या धरायला या झाडाला सहा-आठ आठवडे बऱ्यापैकी थंडी हवी, साधारण 18 अंशांच्या खाली. महाबळेश्वर-पाचगणीला चिंता नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे पूर्वेच्या गॅलरीत, नऊ-दहापर्यंतचं कोवळं ऊन आणि मग सावली, अशी जागा असेल तर प्रयत्न करावा. मुंबईत आणलेली फुललेली कुंडी हा लांबलेला पुष्पगुच्छच समजा, कारण पुढल्या वर्षी पानं येतील, फुलांची खात्री नाही. अकोला, जळगाव, नागपूरच्या मैत्रिणींनी यावर पैसे घालू नयेत. निळ्या फुलांची हौस गोकर्णाच्या वेलावर किंवा निळ्या प्लंबॅगोवर छान भागते. ती दोन्ही झाडं आपलं ऊन सोसतात.

लावायचंच तर दहा-बारा इंची, खाली भोक असलेली कुंडी घ्या. माती, कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत आणि थोडा कोकोपीट मिसळा. वर सुक्या पानांचा थर द्या, म्हणजे ओल टिकते. उन्हाळ्यात दुपारी पानं मान टाकतात, त्यानं घाबरू नका. संध्याकाळी सावरली तर पाणी पुरेसं आहे. सकाळीच मलूल दिसली तर मात्र लगेच पाणी घाला. निळा रंग हवा असेल तर चार लिटर पाण्यात लहान चमचाभर तुरटी विरघळवून कळ्या धरण्याच्या सुमारास महिन्यातून एकदा घालावी. जास्त नको, मुळं भाजतात. हाडांचा चुराही घालू नये, त्यानं निळा रंग धरत नाही.

आणि सर्वात महत्त्वाचं. या झाडाची पानं विषारी असतात. 2008 मध्ये जपानमधल्या उपाहारगृहांत ताटाच्या शोभेला ठेवलेली पानं खाऊन माणसांना उलट्या झाल्या होत्या. लेकीची कुंडी म्हणूनच नातीच्या हाताला न लागेल अशा उंच घडवंचीवर आहे. ज्यांच्याकडे रांगती मुलं किंवा शेळ्या-वासरं आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

एक झाड रुजलं की दुसरं विकत घ्यायला नको. पावसाळ्यात फुलं नसलेली कोवळी फांदी दोन पेरांची कापा, पानं अर्धी कातरा आणि ओल्या वाळूत खोचून सावलीत ठेवा. महिनाभरात मुळं धरतात. हळदीकुंकवाला आलेल्या मैत्रिणीला वाणाबरोबर असं एक रोप दिलं, तर वर्षभर आठवण राहील. मात्र देताना तिची गॅलरी कुठल्या दिशेला आहे, तेवढं विचारून घ्या.