टपाचं अस्तर

गाडीच्या टपाला आतून अस्तर असतं, हे ते लोंबायला लागेपर्यंत कुणाच्या ध्यानीमनी नसतं. जुन्या गाडीच्या रंगावरून हात फिरवणारे, इंजिनाचा आवाज ऐकून मान डोलावणारे शौकीन पुष्कळ. वर पाहतात ती फक्त मागच्या सीटवर आडवी झालेली पोरं. आमच्या पद्मिनीत मी तसाच वाढलो. घाट लागला की उलटी होऊ नये म्हणून आई मला निजवायची. मग खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत डोळ्यांसमोर फक्त ते मळकट पांढरं रेग्झिन आणि त्यावरच्या आडव्या शिवणी. वळण आलं की उन्हाची तिरीप एका शिवणीवरून दुसरीवर सरकायची.

घरात तिला पद्मिनी कुणीच म्हणत नसे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून ती फियाटच्या परवान्यावर निघाली, म्हणून फियाट. कुणी तिला व्हिंटेज म्हटलं तर मला हसू येतं. 2021 च्या नियमाप्रमाणे त्या नोंदणीसाठी गाडीची 50 वर्षं भरावी लागतात, शिवाय मूळ रूप फारसं बदललेलं चालत नाही. आमची अजून पन्नाशीला पोचायची आहे. तोवर दर पाच वर्षांनी आरटीओची वारी.

अस्तर घालायला गाडी कळंबोलीला नेली, तेव्हा एका शौकीन मित्राने नाक मुरडलं. मुंबईतल्या लोखंड-पोलादाच्या व्यापाऱ्यांसाठी सिडकोने वसवलेला बाजार, जवळच ट्रक टर्मिनल, पुण्याचा एक्स्प्रेसवेही इथूनच सुरू होतो. नाजूक कामाचा हा गाव नव्हे, असं त्याचं म्हणणं. मला नेमकं उलटं वाटतं. ट्रक थांबतो तिथे त्याचं सगळं करणारी माणसं येतात: टायरवाले, कमानपाटेवाले, ताडपत्री शिवणारे आणि केबिनला मखमल नि झालर लावणारे कुशनवाले. वाकड्या पत्र्याला कापड बसवायचा हात त्यांच्याइतका कुणाचा?

मिस्त्रींनी आत डोकं घातलं, अस्तर बोटाने दाबून पाहिलं. ‘काका, पुढची-मागची काच काढावी लागेल. रबर नवीन आणलंय ना? जुनं परत बसणार नाही, तडकेल.’

आताच्या गाड्यांचं छत म्हणजे दाबून घडवलेला एकसंध साचा; त्यावर फोम, फोमवर कापड. फोमचा भुगा झाला की कापड सुटतं. आमच्या गाडीत तसं नाही. टपाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोखंडी सळ्यांच्या कमानी, अस्तराच्या पाठीला शिवलेल्या नेफ्यांतून ओवलेल्या. कापड त्यांच्यावर टांगलेलं आणि चारी कडांना ताणून चिकटवलेलं. सळ्या दिसायला सारख्या, पण टप मागे उतरत जातो, म्हणून प्रत्येकीचा बाक वेगळा. मिस्त्रींनी एकेक काढताना तिच्यावर चिकटपट्टी लावून आकडा घातला. जुन्या अस्तराची शिवण उसवून त्याचंच माप धरलं, पण पुरतं नाही. ‘म्हातारं कापड खोटं बोलतं,’ म्हणाले. कुठे आकसलेलं, कुठे सैल पडलेलं. नवं कापताना चारी बाजूंनी भरपूर माया सोडली.

पत्रा उघडा पडल्यावर दार लावलं, तर सगळी गाडी खणखणली. इतकी वर्षं ते कापड किती आवाज गिळत होतं, ते तेव्हा कळलं. उन्हाने टप असा तापला होता की आतून हात लावणं अशक्य.

‘फुलाफुलांचं लावू का? टॅक्सीला लावायचे तसं?’ मिस्त्रींनी विचारलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींच्या छतांवर काय काय फुललं होतं! 2015 मध्ये तर ‘टॅक्सी फॅब्रिक’ नावाच्या उपक्रमाने तरुण चित्रकारांकडून छतांसाठी आणि सीटसाठी खास कापडं करून घेतली. सायनच्या सिग्नलला अडकलेला प्रवासी वर पाहतोच, त्याला काहीतरी दिसावं. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सीत ती फुलं शोभायची. घरच्या गाडीत मला पांढरंच हवं होतं. मत जुनाट असेल, असो.

खरं काम ताणण्याचं. पत्र्याला आणि कापडाला दोन्हीकडे सोल्युशन लावायचं, हाताला चिकटेनासं झालं की जोडायचं. पावसाळ्यात हे काम मिस्त्री घेतच नाहीत. हवेतला ओलावा चिकटपणा मारतो. आधी मधली सळई, मग पुढे, मग मागे, शेवटी बाजू. बाज आवळताना एक पेड ओढला की पलीकडचा ढिला पडतो, तसंच इथे: उजवीकडची चुणी गेली की डावीकडे उगवते. म्हणून कपड्यांचे चिमटे लावून थोडं इकडे, थोडं तिकडे. आतल्या दिव्याचं भोक अगदी शेवटी, तेही चिमटीएवढं. आधी कापलं तर ताणात फाटत जातं.

दोन-तीन चुण्या तरीही राहिल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो, तेव्हा मिस्त्री म्हणाले, ‘काका, काचा बंद करून उन्हात उभी करा. रेग्झिन नरम पडलं की मी पुन्हा ओढतो.’ तोवर एक ट्रकवाला येऊन उभाच होता. त्याला केबिनला लाल मखमल हवी होती, गोंड्यांसकट, आणि ती संध्याकाळी माल भरायच्या आत.