जादूगाराचा वाढदिवस आणि केकचा हिशेब

सहा वर्षांच्या मुलाला ‘वाढदिवसाला काय हवे?’ असे विचारण्याचे धाडस तुम्ही कधी केले असेल, तर पुढचा पंधरवडा आपला राहत नाही, हे तुम्ही जाणताच. आमच्या लेकीने यंदा एका शब्दात उत्तर दिले : जादूगार. टोपी हवी, झगा हवा, छडी हवी, धूर सोडणारी कढई हवी आणि रंग बदलणारे काढे हवेत. हॅरी पॉटर तिला मोठ्या भावंडांकडून ठाऊक झालेला, तर रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण तिने नाट्यगृहात पाहिलेली. तिच्या डोक्यात दोघांची एकच शाळा होती. आजींचा आक्षेप एवढाच की, संक्रांत सोडून शुभदिनी काळे घालू नये. झगे जांभळे ठरले आणि तो प्रश्न तेथेच मिटला.

खरा प्रश्न आमंत्रणे गेल्यावर उभा राहिला. बोलावलेल्या मुलांपैकी एकाला टाइप १ मधुमेह आहे. त्याच्या आईचा फोन आला : “तो नक्की येईल. केक कापायच्या आधी मी त्याला न्यायला येते, म्हणजे तुम्हाला अडचण नको.” वाक्य अगदी सहज उच्चारलेले होते, आणि ते अनेकदा उच्चारावे लागल्यानेच इतके सहज झाले असावे. “त्याला केक चालतच नाही का?” मी विचारले. “चालतो. किती आणि केव्हा, हे आधी कळले तर.”

हे उत्तर तुम्हीही लक्षात ठेवावे, असे मला वाटते. लहान मुलांत प्रामुख्याने आढळणारा हा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते, म्हणून इन्सुलिन बाहेरून द्यावे लागते. किती द्यायचे, हे ताटात कर्बोदके किती आहेत यावर ठरते. जलद काम करणारे इन्सुलिन बहुधा जेवणापूर्वी दहा-पंधरा मिनिटे देतात. आता आपले समारंभ आठवा. पाच म्हटले की साडेसहा वाजतात, मध्ये वेफर्स, चॉकलेटे, सरबते फिरत राहतात आणि केक कुणा मामांची वाट पाहत थांबतो. इन्सुलिन घेतलेल्या मुलाला ही वाट परवडत नाही. साखर खाली येऊ लागलेली असते आणि खाणे पुढे आलेले नसते.

म्हणून आम्ही सर्वांत आधी घड्याळ ठरवले. साडेचारला खेळ, साडेपाचला केक आणि खाणे, मामा येवोत अथवा न येवोत. धावपळीनेही रक्तातील साखर उतरते, तेव्हा पळापळीचे खेळ थोडकेच ठेवले. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर लगेच द्यायची साखर किती, हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेले होते. तेवढी मोजून एका वाटीत हाताशी ठेवली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे असते. घाम, थरथर, अकारण चिडचिड किंवा बोलका मुलगा एकाएकी गप्प होणे, ही लक्षणे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला सांगून ठेवली. मूल शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालायचे नाही, तडक रुग्णालय गाठायचे, हेही सांगितले.

केक घरीच केला, कारण विकतच्या केकचा हिशेब लागत नाही. २०० ग्रॅम मैदा, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम कर्बोदके. त्यात १५० ग्रॅम साखर. एकूण ३००. केकचे बारा सारखे तुकडे केले की प्रत्येकी २५, आणि दही-दुधापोटी आणखी एखाद-दोन ग्रॅम. शाळा सुटल्यावर इतक्या वर्षांनी अंकगणित असे उपयोगी पडावे, याची मला गंमत वाटली. पिण्यासाठी साखर न घातलेले, जिरेपूड-मिठाचे कोकम आणि ताक ठेवले. ते सर्वांनाच दिले. एकाच मुलासाठी वेगळा पेला मांडणे मला पटत नव्हते. धाकटी भावंडेही येणार होती, म्हणून अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे अजिबात ठेवले नाहीत. ते त्या वयात घशात अडकतात.

आता जादू. बाजारात वाढदिवसासाठी ‘ड्राय आइस’ सुचवतात. ती गोठवलेल्या कार्बन डायॉक्साइडची वडी असते. तिचे तापमान उणे ७८ अंश. हाताला लागली तर कातडी भाजल्यासारखी होते, पोटात गेली तर जिवावर बेतते, आणि तिचा वायू हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत खाली, म्हणजे मुलांच्या उंचीला साचतो. आम्ही पितळी पातेल्याऐवजी काचेच्या वाडग्यात खाण्याचा सोडा घातला आणि त्यावर लिंबू पिळले. फसफस पाहून मुले तितकीच किंचाळली.

रंग बदलणारा काढा गोकर्णाच्या फुलांचा. आठ-दहा निळी फुले गरम पाण्यात ठेवून ते पाणी पूर्ण निववायचे. लिंबाचे थेंब टाकताच निळ्याचे जांभळे-गुलाबी होते, आणि सोडा टाकला तर हिरवट. फुले नसतील, तर जांभळ्या कोबीचे पाणीही हेच करते. मात्र हा काढा कुणीही प्यायचा नाही, असा आमच्या जादूशाळेचा पहिला नियम होता. तो काही विषारी नाही. पण बाटलीतले रंगीत द्रव म्हणजे गंमतीचे पेय, असा धडा मी माझ्या हाताने देणार नव्हते. फरशी पुसायचे द्रव असेच सुंदर निळे-गुलाबी असतात.

छड्या रद्दीच्या कागदाच्या सुरळ्या करून रंगवल्या. लुकलुकणाऱ्या विकतच्या छड्यांत बटनाएवढा सेल असतो. तो गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. झगे जुन्या सुती ओढण्यांचे होते, गळ्याशी गाठ न मारता खांद्याला वेल्क्रोने अडकवलेले. आजींच्या औक्षणाआधी ते उतरवून ठेवले.

सव्वापाचला त्याच्या आईने तपासणी केली आणि सर्वांदेखत सुई दिली. “दुखते का?” एकाने विचारले. “थोडेसे,” तो म्हणाला आणि पुन्हा कोबीच्या पाण्याकडे वळला. साडेपाचला त्याने सर्वांबरोबर केक खाल्ला. थोड्या वेळाने दुसरा तुकडा मागितला, तेव्हा त्या बाईंनी मोबाइलवर पुन्हा गणित मांडले, आणि मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

परतभेट म्हणून गोकर्णाच्या बियांच्या पुड्या दिल्या. तुम्हीही द्याल, तर मुलांच्या हाती न देता पालकांच्या हाती द्या. त्या बिया रेचक आहेत, आणि सहाव्या वर्षी काहीही चघळून पाहण्याची हौस अजून गेलेली नसते.