पाठभेदांचा राखणदार

विद्यापीठाच्या संगणक-केंद्रात बाराही महिने गारवा असलेली एक खोली असते. तिथला सर्व्हर एकाच वेळी अनेकांचा असतो. म्हणजे, तसे पाहिले तर, कुणाचाच नसतो. त्यावर 'आर' ही संख्याशास्त्राची भाषा नांदते आणि तिची देखभाल एक अबोल गृहस्थ करतो. काही बिघडल्यावाचून त्याची आठवण कुणाला होत नाही.

'आर'चे कूळ तसे जुने. बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७६ साली जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एस' भाषेचा आरंभ केला. पुढे ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी तिच्याच वळणावर 'आर' रचली आणि १९९५ पासून ती सर्वांस मुक्त झाली. लेकीचे अक्षर वर्णमालेत आईच्या आधी यावे, ही त्यातली गंमत.

या भाषेची पॅकेजे दोन ठिकाणी राहतात. एक सर्वांचे सामाईक कोठार. त्याची किल्ली राखणदाराकडे. दुसरे ज्याच्या-त्याच्या घरातले फडताळ. 'आर' आधी फडताळात शोधते, मग कोठारात. एकत्र कुटुंबात वाढलेल्यास यातून उद्भवणारे तंटे समजावून सांगावयास नकोत. कोठारात नवा माल भरला तरी एखाद्याच्या फडताळातला तीन वर्षांपूर्वीचा डबाच आधी हाती लागतो, आणि तक्रार मात्र कोठाराविषयी होते. शिवाय 'आर' आपली सारी सामग्री स्मृतीत मांडून बसते. एकाने अवाढव्य कोष्टक उघडले की इतरांस जागा उरत नाही. अखेर यंत्रच कुणाची तरी प्रक्रिया मारून टाकते आणि रात्रभराचे काम जाते. म्हणून प्रत्येकास मर्यादा घालावी लागते, आणि मर्यादा घालणारा कुणाला आवडला आहे?

परंतु खरा पेच आवृत्त्यांचा. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या ३.६.० या आवृत्तीने यदृच्छ नमुना काढण्याची रीत बदलली. फार मोठ्या समूहातून निवड करताना जुनी रीत किंचित पक्षपाती ठरत होती. तेव्हा बदल योग्यच होता. पण तौलनिक साहित्याची एक संशोधक विद्यार्थिनी त्याआधी संतकाव्याच्या शैलीचे मापन करीत होती. अभंगांचा नमुना तिने जुन्या आवृत्तीवर काढला होता. नवी आवृत्ती बसल्यावर तीच आज्ञा, तोच बीजांक देऊनही निराळे अभंग पुढे आले. प्रबंधातले कोष्टक आणि पडद्यावरचे कोष्टक जुळेना.

"सर, मी एक अक्षरही बदललेले नाही," ती म्हणाली.

"तुम्ही नाही बदललेत. वाचणारा बदलला," तो म्हणाला.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी चाळली आहे, त्यांना या उत्तराचे मर्म कळावे. तिथे स्वीकृत पाठ वर आहे, पण नाकारलेले पाठही खाली जपलेले आहेत. फरक इतकाच, की पोथीत लेखकू चुकतो म्हणून पाठ फिरतो. इथे प्रत अक्षरशः शुद्ध राहते आणि तरीही अर्थ फिरतो.

जुनी रीत नव्या आवृत्तीतही एका ओळीने मागता येते. ती त्याने तिला दाखविली. तेवढ्याने काम भागले असते. त्याने मात्र जुनी आवृत्ती तिच्या पॅकेजांसह वेगळ्या जागी पुन्हा उभी केली आणि तेव्हापासून नवी आवृत्ती जुनीवर चढविणे सोडून दिले. हा मार्ग खर्चिक आहे. डिस्क भरते, जुन्या वस्तूंची डागडुजी कुणी करीत नाही. २०२० साली ४.०.० आली तेव्हा तर सगळी पॅकेजे नव्याने बसवावी लागली, आणि जुन्यांना हात न लावता ते करण्यात त्याच्या कित्येक संध्याकाळी गेल्या. जागेचा हिशेब मागणाऱ्यांना हा आडमुठेपणा वाटला. आपल्या मते तो तसा नव्हता.

प्रबंधाच्या तळटीपेत तिने आवृत्तीचा क्रमांक लिहिला. तिची मौखिक परीक्षा होईपर्यंत जुनी आवृत्ती हलवावयाची नाही, अशी नोंद त्याने आपल्या वहीत केली आणि तारखेची जागा कोरी ठेवली. विद्यापीठाने ती अद्याप कळविली नव्हती.