विद्या आणि विस्तव

अग्नीविषयी आपल्या लोकांत आदर पुष्कळ आहे. ओळख मात्र फार थोडी आहे. देवापुढची समई आम्ही वाऱ्यापासून जपतो, होमकुंडाभोवती सोवळ्याने बसतो आणि अग्नीस साक्षी ठेवून संसार मांडतो. परंतु ज्या घरात हे सर्व घडते त्या घराच्या विटा, भिंतीचा चुना, खिडकीची काच, स्वयंपाकघरातील पितळेचे पातेले आणि दाराची कडी ही ज्या अग्नीतून निघाली, त्याच्या जवळ उभे राहण्याचा प्रसंग आम्हां लिहित्या-वाचत्या मंडळींवर सहसा येत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यात, रोहिणखेड नावाचे गाव आहे. इतिहासाच्या अभ्यासकांस ते १४३७ सालच्या लढाईमुळे ठाऊक असते; त्या वर्षी बहामनी सरदार खलफ हसन याने खानदेशच्या नसीरखानाचा येथे पराभव केला. आमचे त्या बाजूस कामानिमित्त जाणे होते, आणि दर खेपेस खुदावंदखान महदवी याने १५८२ साली बांधविलेल्या तेथील मशिदीपाशी पाय थांबतात. अशी जुनी इमारत पाहताना पाथरवटाच्या छिन्नीची आठवण सर्वांस होते; चुना भाजणाऱ्याची कोणास होत नाही. वस्तुतः त्या काळच्या दख्खनी इमारतींत दगडास दगड धरून ठेवणारा चुना भट्टीतूनच यावयाचा. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली म्हणजे तिच्यातील कर्बवायू निघून जातो, आणि शंभर शेर शुद्ध चुनखडीतून अवघा छप्पन शेर कळीचा चुना हाती येतो. तो पाण्याने विरवून, वाळूबरोबर घाणीत मळून भिंतीत घातला, की गेलेला तोच वायू हवेतून वर्षानुवर्षे शोषून पुन्हा दगड बनतो. म्हणजे भट्टीने दगडाची माती केली, ती मनुष्याने हव्या त्या सांधीत बसविली, आणि वाऱ्याने तिचा पुन्हा दगड केला. एवढे सूक्ष्म रसायन ज्यांच्या हातून नित्य घडत असे, त्यांच्यापैकी एकाचेही नाव आज कोणास सांगता येणार नाही.

त्याच वाटेवर एकदा एका वीटभट्टीपाशी आम्ही थांबलो. भट्टी नुकतीच पेटविली होती आणि एक वृद्ध गृहस्थ तिच्या धुराकडे एकटक पाहत बसले होते. “बाबा, वीट भाजली हे तुम्हांस कशावरून कळते?” असे आम्ही विचारले. ते म्हणाले, “धुरावरून कळते जी. धूर पातळ झाला म्हंजे मातीतलं पानी गेलं. मंग जाळ वाढवाचा. घाई केली त वीट फुटते.” आणखी थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, “जाळ बोलते, पन आयकाले बसा लागते.”

पुस्तकांत हीच गोष्ट निराळ्या शब्दांत सापडते. मातीत दोन प्रकारचे पाणी असते. एक नुसते ओलीचे, ते मंद आचेवर हळूहळू निघाले पाहिजे. नाहीतर त्याची वाफ होऊन वीट तडकते. दुसरे मातीच्या घटनेतच गुंतलेले; ते सुमारे ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यान सुटते, आणि ते सुटल्यावर ती माती पुन्हा पाण्यात कालवून चिखल होऊ शकत नाही. पुढे ९०० ते १००० अंशांवर कणाकणांच्या कडा विरघळून एकमेकांस चिकटतात. आच कमी पडली तर वीट कच्ची राहते, अधिक झाली तर वितळून खंगर होते. विस्तवाच्या रंगावरून हे अंश ओळखता येतात: काळसर तांबडा ६००च्या आसपास, डाळिंबी ८००च्या, नारिंगी १०००च्या, आणि त्यापुढे पिवळा व पांढरा. युरोपातही मोठमोठ्या भट्ट्या दीर्घकाळ डोळ्यांच्याच भरवशावर चालत. १७८२ साली वेजवूड या इंग्रज कुंभाराने मातीची गोटी भट्टीत किती आकसते यावरून ताप मोजण्याची युक्ती काढली. १८८६ साली जर्मनीत झेगर याने मातीचे लहान लहान सुळके केले. ठरावीक तापास ठरावीक सुळका मान टाकतो. दोघांनीही मातीचा ताप मातीलाच विचारला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. भट्टीवरच्या त्या बाबांची आणि या दोघांची जात एकच. फरक इतकाच, की त्या दोघांनी आपले ज्ञान लिहून ठेवले आणि म्हणून ते दुसऱ्यांच्या हाती गेले.

आमच्याकडे नेमके हेच घडले नाही. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांस भट्टीची झळ नको होती, आणि कुंभार, लोहार, कासार, तांबट यांच्या हाती विस्तव होता, त्यांच्या हाती लेखणी जाऊ दिली नाही. विद्या आणि विस्तव यांची अशी फारकत झाल्यामुळे दोहोंचेही नुकसान झाले. विद्या पाठांतरात थंड झाली, आणि विस्तव बापाने दाखविला तेवढाच मुलाने पाहिला.

ही फारकत मोडण्याचा यत्न महाराष्ट्रात झाला, तो मुख्यतः काचेच्या निमित्ताने. अंताजी दामोदर काळे यांनी दरसाल माणशी एक पैसा मागून जो पैसाफंड उभा केला, त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ आपला कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. काच वितळविण्यास १४०० अंशांच्याही वर आच लागते. पण खरी परीक्षा पुढेच असते. घडविलेली काच एकदम गार केली तर बाहेरचा भाग आधी आवळतो, आतला मागाहून आवळू लागतो, आणि या ओढाताणीत ती क्षुल्लक निमित्ताने फुटते. म्हणून तिला दुसऱ्या भट्टीत सावकाश निववावी लागते. तापविणे जितके महत्त्वाचे तितकेच निवविणे. सुशिक्षित तरुण मुशीपुढे घामाघूम होऊन हे शिकले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ओगल्यांचा कारखाना आज नाही, परंतु ओगलेवाडी हे नाव राहिले आहे. पुढे विदर्भातच, चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे, कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघाच्या द्वारे कुंभारांसच नव्या भट्ट्यांची विद्या देण्याचे काम केले. तळेगावी विद्या विस्तवाकडे गेली. भद्रावतीस विस्तव विद्येकडे आला.

कोणी म्हणेल, आता यंत्रे आली, उष्णतामापके आली, त्या बाबांच्या डोळ्यांचे काय एवढे? आमचे म्हणणे असे, की त्या डोळ्यांस शास्त्राची जोड मिळणे अद्याप राहिले आहे. साध्या भट्टीत भाजल्या विटांची सारी उष्णता आकाशात जाते. १८५८ साली हॉफमन याने वर्तुळाकार भट्टीचे पेटंट घेतले. तीत विटा जागच्या जागी राहतात आणि विस्तव फिरतो. निवणाऱ्या विटांवरून गेलेली हवा गरम होऊन जाळास मिळते, आणि जाळाचा धूर पुढच्या कच्च्या विटा तापवितो. त्यामुळे जळण पुष्कळ वाचते. गावोगावच्या भट्ट्यांस आज दीडशेहून अधिक वर्षांनीही ही काटकसर लाभलेली नाही.

याहून मोठी गोष्ट मुलांची आहे. वीटभट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी संपतो. शाळेच्या वर्षाचा मोठा भाग नेमका त्यातच जातो. उचल घेऊन आलेली कुटुंबे भट्टीपाशीच खोपटी घालतात, आणि मुले आईबापांबरोबर विटा पालथ्या घालीत ते महिने काढतात. आमची मुले ज्या शाळेत उष्णतेचा धडा वाचतात, तिच्या भिंतींतील वीट कदाचित अशाच एखाद्या मुलाने उन्हात उलटविली असेल. भट्टीपाशीच शाळा भरविण्याचे प्रयत्न कोठे कोठे झाले आहेत. ते अपवाद न राहता रिवाज झाले पाहिजेत. ज्याचा बाप धुरावरून मातीच्या पोटातले पाणी ओळखतो, त्या मुलास अंश, अंक आणि अक्षर मिळाले, तर तो आमच्या मुलांच्या मागे राहील असे मानण्यास आम्हांस काहीच आधार दिसत नाही.