फोटो उजळवा, आजी गोरी करू नका

१४ जानेवारीच्या नामविस्तार दिनासाठी आम्ही नांदेड-लातूरच्या वस्त्यांत फिरून, नामांतर लढ्यात तुरुंगात गेलेल्या आयाबायांचे फोटो मोबाइलवर काढले. १९७८ ते १९९४, सोळा वर्षांच्या लढ्याची ही माणसं. लातूरला फ्लेक्स छापून आला तेव्हा एका आजीच्या नातीने विचारलं, "ही कोण?" दुकानात आजीला परस्पर गोरी केली होती. हनुवटीवरचं गोंदणही पुसलं होतं. तुरुंगात गेली ती सावळी बाई, फ्लेक्सवर क्रीमच्या जाहिरातीतली! आणि आमच्यातल्याच दोघांना तो फोटो 'भारी' वाटला. हे जास्त लागलं.

चूक आमचीही होती. आजी पांढऱ्या साडीत, मागे चुन्याची भिंत. चित्रात पांढरं जास्त असलं की कॅमेरा उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. ते दुरुस्त करायलाच हवं. पण अंधारातला चेहरा उजेडात आणणं वेगळं, कातडीचा रंग बदलणं वेगळं. कॅमेऱ्याचं तंत्रही तटस्थ नाही: कोडॅकच्या रंगीत फोटोंचे रंग कित्येक वर्षं 'शर्ली कार्ड'वरच्या गोऱ्या बाईला प्रमाण मानून जुळवले जात.

आता आम्ही स्वतःच बसतो. आधी प्रत काढायची, मूळ फाइलला हात नाही. फोटो सरळ करून क्रॉप. मग 'शॅडोज' थोडं वर. नुसता ब्राइटनेस वाढवला तर निळा झेंडासुद्धा फिकट पडतो. विहारातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेला फोटो असेल तर साडी पांढरी दिसेपर्यंत व्हाइट बॅलन्स सरकवायचा, त्वचाही बरीचशी आपल्या रंगावर येते. शार्पनेस शेवटी, बेताने. ब्युटी फिल्टर बंद, काही फोनमध्ये तो आधीपासूनच चालू असतो.

अत्याचाराच्या घटनेचा फोटो असेल तर मात्र मूळ फाइल जिवापाड जपा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि आतली तारीख-वेळेची नोंद निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू द्यावी लागते. एक ठिपका बदलला तरी ती बदलते.

आजीचा फोटो मूळ फाइलवरून पुन्हा केला. गोंदण स्पष्ट आलं. छपाईचे पैसे दुकानदाराने दुसऱ्यांदाही पूर्ण घेतले.