मोत्याचे कान

दिवाळीच्या पहाटे घरात सगळ्यांना तेल लागते. मग मोत्यानेच काय घोडे मारले आहे, असे म्हणून गेल्या साली मी काडीला कापूस गुंडाळून त्याचे कान कोरायला बसलो. तो असा कळवळला की पुढे मी दिसलो की पलंगाखाली शिरे!

जनावरांच्या डॉक्टरांनी माझेच कान उपटले. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते, मग आत वळते. काडीने मळ निघत नाही, उलट खोल ढकलला जातो. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला.

आता डॉक्टरांनी दिलेले औषधी पाणी कानात सोडतो, कानाचे बूड हलकेच चोळतो आणि हात काढतो. मोत्या जोराने डोके झाडतो. मळ वर येतो. थोडा माझ्या सदऱ्यावरही! दिसेल तेवढाच कापसाने टिपायचा. लाली किंवा दुर्गंधी आढळली, की माझी वैद्यकी तिथेच संपते.

या पाडव्याला हातात बाटली पाहूनही तो पलंगाखाली गेला नाही. लोंबते कान सावरीत माझ्या मांडीवर डोके टेकून पडला. कान पुसायला पाच मिनिटे लागतात. तेवढ्यासाठी दुसरी दिवाळी उजाडावी लागली.