घर बघणं आणि घर तपासणं

बकरी ईदच्या आधी बाजारात गेलेला माणूस आठवून पाहा. बकऱ्याचं तोंड उघडून दात बघतो, कान उलटून बघतो, चार पावलं चालवून लंगडतो का ते बघतो. कुर्बानीचं जनावर ऐबदार चालत नाही, हे घरातल्या पोरालाही माहीत असतं. तोच माणूस साठ लाखांचं घर घ्यायला जातो तेव्हा हवा कशी आहे, मशीद किती लांब आहे, फरशीचा रंग कसा आहे, एवढं बघून बयाना देऊन येतो. भिंतीला हात लावून बघायचंही त्याला सुचत नाही.

याला कारणं आहेत. आपल्यापैकी अनेकांना घर कुठे मिळेल याची निवडच फार थोडी असते. नाव ऐकल्यावर ‘सोसायटीची परवानगी नाही’ हे उत्तर ज्याने चार ठिकाणी ऐकलंय, तो पाचव्या ठिकाणी दारं-खिडक्यांत खोट काढत बसत नाही. मिळतंय तर घेऊन टाका, असा घरच्यांचा सूर असतो. दुसरं कारण पैशाचं. बँक कर्ज देते तेव्हा तिचा वकील कागद चाळतो, तिचा मूल्यांकन करणारा माणूस घरात डोकावून जातो. ते सगळं बँकेच्या पैशाच्या काळजीने चालतं, तरी त्या घरावरून चार डोळे जास्त फिरतात. व्याज नको म्हणून आखातातली बचत, बायकोचे दागिने आणि गावाकडच्या जमिनीचा हिस्सा एकत्र करून रोखीने घर घेणाऱ्याच्या वाट्याला तेवढेही डोळे येत नाहीत.

माझ्या आपाचं असंच होतं. दुल्हेभाईंनी एकोणीस वर्षं सौदीत काढली. परत आल्यावर पुण्यात कोंढव्यात घर घ्यायचं ठरलं. सतरा वर्षांची इमारत, चौथा म्हणजे सगळ्यात वरचा मजला, दोन बेडरूम. नवा रंग लागला होता, आपाला स्वयंपाकघर आवडलं होतं, अम्मीचं घर पाच मिनिटांवर. मी म्हटलं, बयाना देण्याआधी घर तपासणारा माणूस बोलावू. दुल्हेभाई हसले. “नुसतं बघायचे पैसे? मला काय डोळे नाहीत?”

आलेला माणूस सिव्हिल इंजिनिअर होता. तो अडीच-तीन तास घरात होता आणि त्या वेळात तो काय करत होता, हे दुल्हेभाई सगळ्यात बारकाईने बघत होते. लेझरच्या यंत्राने त्याने प्रत्येक खोली मोजली आणि कागदावरच्या कार्पेट एरियाशी ताळा घातला. लोखंडी काडीने एकेक फरशी ठोकली. खालून पोकळ आवाज आला की तिथे खूण करायची, कारण अशी फरशी आज ना उद्या सुटते. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतलं आणि ते जाळीकडे जातं की कोपऱ्यात साचतं ते पाहिलं. सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा दाब बघितला. प्रत्येक प्लगमध्ये छोटं यंत्र लावून अर्थिंग आहे का ते तपासलं. तीन प्लगना अर्थिंगच नव्हतं, त्यांतला एक गीझरचा. शॉक लागला तर वीज तोडणारा ब्रेकर बटण दाबून पाहिला, तो हललाच नाही. खिडक्यांच्या चौकटी, सांडपाण्याचे पाइप, गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग, पाण्याच्या टाकीखालचा स्लॅब, सगळीकडे तो गेला आणि सगळ्याचे फोटो काढले.

मग तो बेडरूमच्या भिंतीपाशी थांबला. दिसायला भिंत कोरडी, रंग चकचकीत. ओल मोजायचं यंत्र टेकवलं तर आकडा चढला. थर्मल कॅमेऱ्यात त्याच जागी थंड डाग दिसला. त्याने आम्हाला समजावलं की हा कॅमेरा पाणी दाखवत नाही, तापमानातला फरक दाखवतो, म्हणून दोन्ही यंत्रांचं मत जुळलं तरच तो ओल लिहितो. भिंतीच्या पलीकडे बाथरूम होतं. मालक म्हणाले, “पावसाळ्यात थोडंसं येतं हो.” मग तोवर सांगितलं का नव्हतं?

मला त्या वेळी आठवली ती धान्याच्या ढिगाची हदीस. बाजारातून जाताना पैगंबरांनी ढिगात हात घातला, तर आतलं धान्य ओलं निघालं. पावसाने भिजलं, असं विकणारा म्हणाला. मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विचारलं. विकणाऱ्याने ऐब सांगायचा असतो, ही गोष्ट आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. पण ढिगात हात घालून बघणंही त्याच गोष्टीत आहे, हे विसरतो.

ओल दुरुस्त होते, वायरिंग बदलता येतं. खरा प्रश्न गच्चीखालच्या बीमचा निघाला. बीमच्या लांबीला समांतर अशी एक भेग होती, नव्या पुट्टीखाली अर्धी बुजलेली. आतली सळई गंजली की ती फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते, तेव्हा अशी भेग पडते. इंजिनिअर म्हणाला, “हे सळईचं दुखणं असू शकतं. पण नुसतं बघून किती खोल गेलंय ते मी सांगणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून चाचण्या करून घ्या आणि सोसायटीकडे ऑडिटचा अहवाल मागा.”

हे उत्तर नीट समजून घ्यायला हवं, कारण तपासणीची मर्यादा त्यात आहे. तपासणारा भिंत फोडत नाही, फरशी उखडत नाही. जे दिसतं, मोजता येतं आणि चालवून बघता येतं तेवढंच तो सांगतो. सातबारा, इंडेक्स टू, बिल्डरची मंजुरी, भोगवटा प्रमाणपत्र हे त्याचं काम नाही, त्यासाठी वकील लागतो. आपल्या अनेक वस्त्यांमध्ये भोगवटा प्रमाणपत्रच नसलेल्या इमारती उभ्या आहेत. तिथे भिंत कितीही कोरडी निघाली तरी कागद ओलाच. आणि ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ हेही तो म्हणत नाही. तो दोष लिहितो, फोटो जोडतो, तातडीचं काय आणि सवडीने करण्यासारखं काय ते वेगळं करून देतो. आम्हाला मिळालेला अहवाल चाळीसेक पानांचा होता. त्यातली निम्मी पानं फोटोंची, आणि चिंतेची पानं दोनच.

सोसायटीकडे ऑडिटचा अहवाल नव्हता. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. सेक्रेटरी म्हणाले, “आजवर कुणी मागितलंच नाही.” इमारत काय एकदम पडते का, असंही ते म्हणाले. महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० ला पडली तेव्हा ती जुनी म्हणावी अशी नव्हती. १६ माणसं गेली. त्याआधी ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ जणांचा जीव गेला. जनाजे मोजून झाल्यावर आपण बिल्डरला आणि पालिकेला बोल लावतो. ते योग्यच आहे, पण आधी विचारणारा कुणी नव्हता, हेही तेवढंच खरं.

नवीन घर घेणाऱ्यांना वाटेल, आपल्याला याची गरज नाही. खरं तर त्यांच्या हातात जास्त आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष दिसला आणि तो बिल्डरला कळवला, तर त्याने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तोंडी तक्रारीला बिल्डर ‘बघतो’ म्हणतो. फोटो आणि मोजमापं असलेला अहवाल ईमेलने गेला की त्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. म्हणून किल्ली घेण्याआधी तपासणी करा. सामान लागल्यावर भिंती दिसत नाहीत. शक्य असेल तर पावसाळ्यात किंवा पाऊस संपता संपता करा.

माणूस निवडताना एक लक्षात ठेवा. या कामासाठी आपल्याकडे वेगळा सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतो. शिक्षण विचारा, आधीच्या एखाद्या अहवालाचा नमुना मागा, कोणती यंत्रं आणणार ते विचारा. दलालाने सुचवलेला माणूस घेऊ नका. दुरुस्तीचं कामही स्वतःच करून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा, त्याला दोष जास्त दिसतात. तपासणी चालू असताना स्वतः हजर राहा आणि घरातल्या बाईला नक्की न्या. ओटा किती उंच हवा, पाणी कुठे साचतं, हे तिला इंजिनिअरच्या आधी कळतं.

दुल्हेभाईंनी ते घर घेतलं नाही. मालक दोन लाख कमी करायला तयार होते, पण बीमची चाचणी करू द्यायला तयार नव्हते. आपा आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही. तिला ते स्वयंपाकघर मिळालं नाही याचं वाईट मलाही वाटतं. अजून ते भाड्याच्या घरात आहेत आणि शोध चालू आहे. मात्र आता घर बघायला निघताना दुल्हेभाई खिशात एक नाणं ठेवतात. आत गेले की आधी फरशी ठोकतात, मग भिंतीवर तळहात टेकवतात, आणि मगच किंमत विचारतात.